गडकऱ्यांच्या नावाचा पेला

यंत्रमागांचा खडखडाट एकाएकी थांबतो. गोदामं, कंटेनर, बायपासवरची धूळ, सगळं ओसरतं. तुम्ही भिवंडीतच आहात. फक्त साल आहे 1919, महिना फेब्रुवारी, आणि मोमीन विणकरांच्या गल्लीत हातमागाचा धोटा ठोके देतोय.

गावठी दारूची चव बघावीशी वाटली, तरी जपून. 1892 च्या कायद्यानं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलंसुद्धा सरकारच्या मुठीत गेली आहेत. झाड आपल्या दारात, फुलाला परवाना साहेबाचा!

तुम्हाला बडोद्याला जायचंय. टांग्यानं कल्याण, आगगाडीनं मुंबई, पुढे रात्रीची गाडी. लेखकाच्या नावाचं कॉकटेल म्हणाल, तर हवानाच्या बारमध्ये हेमिंग्वेच्या नावाची डायकिरी घुसळली जायला अजून अवकाश आहे. आपल्याकडे लेखकाच्या नावानं पेला भरायचाच, तर तो राम गणेश गडकऱ्यांच्या. पण ते 23 जानेवारीला सावनेरला वारले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. त्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाचा पहिला प्रयोग 20 फेब्रुवारीला बडोद्यात आहे.

गंधर्व नाटक मंडळीचा पडदा वर जातो. गणपतराव बोडसांचा सुधाकर हुशार वकील. भर कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ जाते, आणि दारुडा तळीराम पेला पुढे करतो. मग येतं पिणाऱ्यांचं ‘आर्य मदिरा मंडळ’. शेजारचे गृहस्थ पोट धरून हसतात, तुम्हीही हसता. इथंच गडकऱ्यांनी तुम्हाला पकडलं. दारूविरुद्धच्या नाटकात सगळ्यांत चुरचुरीत संवाद त्यांनी पिणाऱ्यांच्याच तोंडी घातले! उपदेशकाला हे धाडस होत नाही.

मग बालगंधर्वांची सिंधू, सुधाकरची बायको, जात्यावर बसते, अंगावर ठिगळांचं लुगडं. गुर्जरांनी लिहिलेल्या पदांना ‘वन्समोअर’ मिळतात. दुःखाला वन्समोअर देणारे प्रेक्षक मराठीतच सापडावेत. मघाच्या हशाची तुम्हाला थोडी लाज वाटू लागते.

नाटकातलं खरं मिश्रण शेवटी बनतं, आणि ते बनवतो सुधाकरच: दारूत विष. कुठल्याही बारवाल्यानं गडकऱ्यांच्या नावाचं कॉकटेल काढायचं म्हटलं, तर कृती ही एवढीच आहे.

बाहेर पडताना एक जण जन्मभर न पिण्याची शपथ घेतो. त्याचा सोबती म्हणतो, “घे की. पण उद्यापासून.”