बॅजर

मांसाहारी गणाच्या म्युस्टेलिडी कुलातील, बिळात राहणारे निशाचर सस्तन प्राणी. पाणमांजर, वीझल, मार्टेन व वुल्व्हरीन याच कुलातले. भारतात आढळणारा हनी बॅजर ऊर्फ रॅटल हाही त्यांचा भाऊबंद. मुंगूस अंगलटीने जवळचा वाटला, तरी त्याचे कुल निराळे.

यूरोपीय बॅजर (मेलिस मेलिस) साधारण 10 किग्रॅ. वजनाचा असतो. पांढऱ्या तोंडावरून डोळ्यांवर जाणारे दोन काळे पट्टे ही त्याची खूण. पुढच्या पायांच्या लांब नख्यांनी तो माती उकरतो. एकच कळप पिढ्यान्‌पिढ्या तेच बीळ वाढवत नेतो; आतले गवताचे अंथरूण जुने झाले की बाहेर टाकून नवे ओढून आणतो. हद्दीवर उथळ खड्डे करून त्यांतच विष्ठा टाकतो. गांडुळे हे मुख्य खाद्य असल्याने ओलसर कुरणे त्याला मानवतात, आणि गाईगुरे चरतात तीही तिथेच.

मका-गव्हाची नासाडी किंवा बिळांमुळे खचणारी शेते ही तक्रार जुनी आहे. खरा संघर्ष मात्र गुरांच्या क्षयाचा. 1971 मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात या क्षयाची लागण झालेला मृत बॅजर सापडला. चाचणीत दोषी ठरलेली गाय कत्तलखान्यात जाते आणि गोठ्याचे व्यवहार थांबतात, त्यामुळे पशुपालकांचा संताप समजण्यासारखा आहे. पण बॅजर मारणे हा सरळ उपाय नव्हे. 1998 ते 2005 या काळातील सरकारी प्रयोगात सुमारे 11,000 बॅजर मारले गेले. व्यापक मोहिमेच्या क्षेत्रात गुरांचा क्षय घटला, पण लगतच्या पट्ट्यात वाढला. कळप मोडले की उरलेले बॅजर हद्दी सोडून दूरवर भटकतात आणि रोग सोबत नेतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अशा हत्येने रोगनियंत्रणाला अर्थपूर्ण हातभार लागणार नाही, असा निष्कर्ष स्वतंत्र शास्त्रीय गटाने 2007 मध्ये दिला. तरीही 2013 पासून परवान्याने शिकार सुरू झाली; तेव्हापासून दोन लाखांहून अधिक बॅजर मारले गेले. वास्तविक गुरांकडून गुरांना होणारा संसर्गही मोठा आहे, आणि सदोष चाचणीतून सुटलेले जनावर तो गोठ्यात तसाच टिकवते.

बॅजरसाठी बीसीजी लस 2010 पासून उपलब्ध आहे; पण त्यासाठी प्रत्येक बॅजर पिंजऱ्यात धरावा लागतो. गुरांना बीसीजी देण्यातली अडचण वेगळीच: नेहमीच्या त्वचाचाचणीत लस टोचलेले जनावरही रोगी ठरू शकते. हा भेद ओळखणाऱ्या नव्या चाचणीच्या क्षेत्रचाचण्या इंग्लंड व वेल्समध्ये 2021 मध्ये सुरू झाल्या.