साखर नव्हे, मेद : एका कर्करोगाच्या खाद्याचा शोध

घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रोस्टेटचा, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग निघाला की पहिल्यांदा स्वयंपाकघरातले तेल-तूप बंद होते. पेण असो वा रोहे, शिक्षकांशी बोलताना हा प्रश्न हमखास येतो : मेदामुळे हा रोग वाढतो, हे खरे का? उत्तरासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

1920 च्या दशकात ऑटो वारबुर्ग यांनी दाखवले की, ऑक्सिजन मिळत असूनही कर्कपेशी साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. कर्करोग आणि साखर ही जोडी तेव्हापासून पक्की झाली. 1941 साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. त्याच वर्षी शिकागोमध्ये चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी पुरुषी संप्रेरके कमी केल्यास हा रोग मागे हटतो, असे सिद्ध केले. हगिन्स यांना 1966 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मेदाचा धागा मात्र बाजूलाच राहिला. गाठी स्वतः मेदाम्ले बनवतात, हे ग्रेस मेडिस यांच्या गटाला 1953 सालीच आढळले होते. 1997 साली बेल्जियममधील ल्युव्हेनच्या संशोधकांनी दोन्ही धागे जोडले : पुरुषी संप्रेरकांमुळे या कर्कपेशींतले मेदाम्ल बनवणारे विकर वाढते.

यासाठी कच्चा माल कोठून येतो? आपण फळ्यावर काढतो ते क्रेब्ज चक्र आठवा. निरोगी पुरःस्थ ग्रंथीत ते मध्येच अडते. तेथील पेशींत जस्त भरपूर असते आणि ते सायट्रेटला पुढे नेणाऱ्या विकराला रोखते. साचलेले सायट्रेट वीर्यात उतरते. कर्करोगात जस्त घटते, अडसर दूर होतो आणि पेशी सायट्रेट स्वतःसाठी वापरू लागते : काही ऊर्जेसाठी, काही मेदाम्लांसाठी. साखरेच्या ओढीवरून गाठ शोधणाऱ्या पेट तपासणीत या रोगाच्या अनेक गाठी सुरुवातीला नीट दिसत नाहीत, त्याचे एक कारण हेच.

पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. पुरुषी संप्रेरके कोलेस्टेरॉलपासूनच बनतात. उपचाराने त्यांचा पुरवठा तोडला, तरी काही गाठी ती स्वतः तयार करतात. ही निर्मिती रोखणाऱ्या अ‍ॅबिराटेरोन या औषधाला अमेरिकेत 2011 साली मान्यता मिळाली.

आता मूळ प्रश्न. मेद रोगाला उपयोगी पडतो, हे खरे. पण तो ताटातूनच यावा लागतो असे नाही. पेशी तो साखरेपासूनही बनवते. लठ्ठपणा टाळावा, हे योग्यच. परंतु आजाऱ्याचे जेवण तोडल्याने गाठ उपाशी राहत नाही, माणूस मात्र अशक्त होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रात्री वारंवार लघवीला उठणे ‘वयोमानाने होतेच’ म्हणून अंगावर काढू नये. बहुधा ती ग्रंथीची साधी वाढच असते. पण तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनी करायचा. कर्करोगाचे उपचार व संशोधन करणारे टाटा स्मारक केंद्राचे खारघरचे संकुल आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. क्रेब्ज चक्र शिकवताना एवढे दोन शब्द वर्गात सांगितले, तरी ते घरोघरी पोहोचतील.