आमरीचं पान लिबलिबीत का होतं? दोनशे वर्षांपूर्वीच्या काचघरांतला धडा



ऑर्किडचं पान लिबलिबीत झालंय, काय फवारू, असं हल्ली बरेच जण विचारतात. कुणाकडं भेट म्हणून आलेली एक कुंडी असते, तर कुणी कर्ज काढून शेडनेटमध्ये लागवड केलेली असते. औषधाचं नाव सांगायच्या आधी थोडा इतिहास सांगतो. कारण निम्मं औषध त्या इतिहासातच आहे.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. सह्याद्रीत, कोकणात झाडाच्या खोडावर सीतेची वेणी लटकलेली असते, ती आमरीच. ती मातीत वाढत नाही, सालीला मुळं धरून राहते. धो धो पाऊस झाला तरी पाणी निथळून जातं आणि वाऱ्यानं मुळं लवकर सुकतात. सगळी मेख इथंच आहे.

1818 साली इंग्लंडात विल्यम कॅटली यांच्याकडं ब्राझीलहून आलेल्या आमरीला भलं मोठं फूल आलं. वनस्पतीशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी त्यांच्याच नावावरून तिला कॅटलिया म्हटलं. मग तिथल्या श्रीमंतांना आमरीचं वेड लागलं. जहाजं भरून रोपं यायला लागली. पण आलेली बहुतेक मरायची. इंग्लंड म्हणजे आमरीची स्मशानभूमी, असं जाणकार म्हणायला लागले.

मरायची कशानं? अतिलाडानं. उष्ण देशातलं झाड म्हणजे त्याला उकाडाच पाहिजे, असा समज होता. काचघर घट्ट बंद करायचे, भट्टीच्या धुराड्यानं तापवायचे. कातडी कमावून उरलेली झाडाची साल आंबवायचे आणि तिच्या उबेत कुंड्या गाडायचे. आपल्या उकिरड्याची ऊब असते तशीच ती. लिंडलींसारख्या जाणत्या माणसानंही 1830 च्या सुमारास उष्णता, सावली आणि भरपूर ओलावा असाच सल्ला दिला. पण कितीतरी आमऱ्या डोंगरातल्या, जिथं रात्री गारवा असतो आणि वारा कायम वाहतो. बंद ओलाव्यात त्या सडल्या.

वाट दाखवली एका माळ्यानं. चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांची बाग सांभाळणारे जोसेफ पॅक्स्टन. त्यांनी जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला 1835 मध्ये हिंदुस्थानात धाडलं. गिब्सन यांनी खासी टेकड्यांतून आमरी गोळा केली आणि 1837 मध्ये ते परतले. पॅक्स्टन यांनी आमऱ्यांसाठी वेगवेगळ्या तापमानाची घरं ठेवली, उकाडा कमी केला, हवा खेळती केली. रोपं जगली. ध्यानात घ्या, बोर्डो मिश्रण फ्रान्सात निघालं 1885 मध्ये. म्हणजे ही रोपं कुठल्या फवाऱ्यानं वाचली नाहीत, हवेनं वाचली.

सडवणारा कोण, हे मात्र उशिरा कळलं. जिवाणूमुळं झाडाला रोग होतो हेच पुष्कळांना पटत नव्हतं. 1900 च्या आसपास अमेरिकेचे अर्विन स्मिथ आणि जर्मनीचे आल्फ्रेड फिशर यांचा यावर जोरदार वाद झाला. स्मिथ बरोबर निघाले. 1901 मध्ये अमेरिकेतच व्हरमाँटला एल. आर. जोन्स यांनी गाजर सडवणारा जिवाणू दाखवला. हा जिवाणू पेशींना जोडणारा चिकटा विरघळवतो, म्हणून पान आतून पाणी पाणी होतं. त्याच कुळाला पुढं स्मिथ यांच्या नावावरून इर्विनिया म्हटलं गेलं. केळीवाल्यांना हे नाव पोंगासडीमुळं चांगलं माहीत आहे. चाळीत कांदा सडून वास सुटतो, त्यातही याच्या भाऊबंदांचा हात असतो. आमरीवरचा आणखी एक जिवाणू 1911 मध्ये इटलीत पावारिनो यांनी नोंदवला.

आता आपल्या कुंडीकडं या. आधी ओळखा:

1. पानावर पाणी भरल्यासारखा डाग, एक-दोन दिवसांत पसरतो, दाबलं की पाणी सुटतं, घाण वास येतो: जिवाणूची सड.
2. मधला गाभा काळा, पान ओढलं की बुडातून अलगद हातात येतं: गाभाकूज. गाभ्यात पाणी साचल्यानं होते.
3. पान मऊ, लोळलेलं, सुरकुतलेलं, पण वास नाही: दुखणं मुळात आहे. कुंडीतून काढून मुळं बघा. चांगलं मूळ टणक असतं, सडलेलं तपकिरी आणि पोकळ. इथं लोक झाड तहानलंय समजून आणखी पाणी घालतात आणि ते मरतं.
4. सगळ्यात खालचं एकच पान पिवळं होऊन वाळतं: ते म्हातारपण. काही करू नका.

पहिल्या प्रकारात थांबू नका. रोप बाकीच्यांपासून लांब ठेवा. पातं स्पिरिटनं पुसून डागाच्या पुढं दोन-तीन सेंटीमीटर निरोगी भागातून कापा. प्रत्येक कापाला पातं परत पुसा. डाळिंबात तेल्यासाठी कात्री निर्जंतुक करतो, तेच इथं. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली तर ती सुकते, पण मुळांना लावू नका, मुळं वाळतात. गाभ्यात पाणी असेल तर कागदानं टिपून घ्या. गाभाच सडला असेल तर रोप वाचणं अवघड असतं. मुळं सडली असतील तर सडकी कापून नव्या, कोरड्या सालीच्या तुकड्यांत लावा.

कार्बेन्डाझिम बुरशीवर चालतं, जिवाणूवर नाही. ताम्रयुक्त औषध चालतं, पण डेंड्रोबियमसारख्या काही आमऱ्यांना ते भाजतं. आधी एका रोपावर बघा.

पुढं पाणी सकाळीच द्या, पानं संध्याकाळच्या आत सुकली पाहिजेत. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. शेडनेटमध्ये रोपांत अंतर ठेवा, कारण एका सडक्या पानाचं पाणी ठिबकून शेजारची रोपं जातात. पंखा लावायचा खर्च आधी धरा, औषधाचा नंतर. पॅक्स्टनच्या काळापासून आमरीचं पहिलं औषध वारा हेच आहे.