पाव आणि बाओ : शब्द सारखे, म्हणून नातं आहे का?

संशोधनाला नव्याने लागलेल्या विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त मोह होतो तो एका वाक्याचा : "या दोन गोष्टी सारख्या दिसतात, म्हणजे त्यांचा संबंध असणारच." विज्ञान शाखेत पहिल्याच वर्षी सांगतात की सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे. इतिहासात हीच चूक शब्दांच्या बाबतीत होते. आज त्याचं एक खाण्यातलं उदाहरण बघू.

कोलकात्याच्या टिरेटा बाजारात भल्या सकाळी चिनी न्याहारी मिळते. एका परिषदेच्या निमित्ताने तिकडे गेले होते, तेव्हा तिथले बन खाल्ले. पांढरेशुभ्र, कापसासारखे मऊ, आत चिकनचं सारण. नाव 'बाओ'. बरोबरची मैत्रीण लगेच म्हणाली, "अगं, हा तर आपला पावच की!" ऐकायला एकदम पटतं. पाव, बाओ, दोन्ही आंबवलेल्या मैद्याचे. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. तीन कसोट्या लावून पाहू.

पहिली कसोटी : काळ. 'पाव' हा शब्द पोर्तुगीज 'पांव'वरून आला. पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, आणि चीनच्या किनाऱ्याला ते लागले १५१३ मध्ये. 'बाओझी' हा शब्द मात्र चीनमध्ये सोंग राजवटीतल्या (९६०–१२७९) लिखाणात आहे. म्हणजे पोर्तुगीज गलबतं पोचायच्या कितीतरी आधी. पोर्तुगिजांकडून चिन्यांनी हा शब्द घेतला, ही शक्यता इथेच संपली.

दुसरी कसोटी : अर्थ. उलट वाट धरली तर? चिनीत 'बाओ' म्हणजे गुंडाळणे. सारण गुंडाळलं म्हणून बाओ. सारण नसलेल्या बनला वेगळा शब्द आहे, 'मांतोउ'. पोर्तुगीज शब्दाचं मूळ लॅटिन 'पानिस', अर्थ भाकरी. म्हणजे मुळं निरनिराळी, आणि साम्य निव्वळ योगायोगाचं.

तिसरी कसोटी : वाट. शब्द खरंच प्रवास करून आला असेल तर वाटेत खुणा सोडतो. जपानीत पावाला 'पान' म्हणतात, तोही पोर्तुगिजांकडूनच गेलेला. बंगालीत 'पाँउरुटी', आणि त्यातला अनुनासिक तर मूळ पोर्तुगीज उच्चाराची आठवणच आहे. गोव्यात पाववाल्याला 'पोदेर' म्हणतात, तो पोर्तुगीज 'पादेइरो'. बंदरामागून बंदर असा माग काढता येतो.

याच कसोट्यांवर आपल्याकडची दोन लाडकी स्पष्टीकरणंही गळतात. एक, लादीतला चौथा हिस्सा म्हणून पाव. दुसरं, पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव. हिशेबातला 'पाव' संस्कृत 'पाद'वरून आलेला, तो शब्द वेगळाच. आणि चौथा हिस्सा किंवा पाय हे कारण असतं, तर मराठी न जाणणाऱ्या जपान्याच्या तोंडी 'पान' कुठून आला असता?

शब्द बाजूला ठेवून पदार्थ बघितला तरी फरक दिसतो. बाओ वाफेवर शिजतो. वाफेचं तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं, म्हणून त्याला तांबूस कवच येत नाही. ती खरपूस प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते आणि त्यासाठी भट्टी लागते. त्यामुळे पावाचा इतिहास हा खरं तर भट्टीचा इतिहास आहे : ती कोणी बांधली, कोणासाठी, आणि तिच्यातलं कोणी खाल्लं.

हा शेवटचा प्रश्न साधा नाही. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी वसईच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. घटना म्हणून त्या तपासाव्या लागतीलच. पण पाव खाणं हा एके काळी जातधर्माचा प्रश्न होता, हे त्या गोष्टींवरून कळतंच. बाओचंही तसंच. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार भारतीय चिनी लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. पुढे अनेक कुटुंबं देश सोडून गेली. आज टिरेटा बाजारातला बाओ चवीने खाताना हेही माहीत असायला हवं.

आता आपल्या शिरूर-दौंडकडे या. पाव किनाऱ्यावरून घाटावर कसा चढला? दोन वाटा तपासण्याजोग्या आहेत. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती; कोरेगाव भीमाच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईत उतरलेली फौज तिथूनच निघाली होती. आणि दौंडहून मनमाडला रेल्वे सुरू झाली १८७८ मध्ये. गोऱ्या शिपायाच्या शिध्यात पाव असे आणि जंक्शनवर प्रवाशांची ये-जा. म्हणून 'छावणी की रेल्वे?' हे चांगलं गृहीतक आहे, कारण ते खोटं ठरू शकतं.

सुरुवात १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरपासून करा. मग जुन्या बेकऱ्यांचे परवाने, आणि मग घरातली म्हातारी माणसं. त्यांना "पाव कधी आला?" असं विचारू नका. "तुमच्याकडे पहिल्यांदा पाव कोणी आणला, आणि तेव्हा घरात कोण काय बोललं?" असं विचारा. साल आठवत नाही, पण भांडण आठवतं.