वादळ, वीज आणि ४०० टनांचा ठोकळा

सप्टेंबर १९७८च्या आरंभी ‘एला’ हे चक्रीवादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या दिशेने सरकत होते. न्यूयॉर्कमधील ५९ मजली, नव्याकोऱ्या सिटिकॉर्प सेंटरमध्ये तेव्हा रोज रात्री वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. दिवसा तेथे काम करणाऱ्यांना त्यामागचे खरे कारण ठाऊक नव्हते.

इमारतीच्या माथ्यावर सुमारे ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा होता. वाऱ्याने इमारत डोलू लागली की पंप सुरू होत, ठोकळा तेलाच्या पातळ थरावर तरंगे आणि जडत्वामुळे मागे रेंगाळत डोलण्याची ऊर्जा शोषून घेई. वरच्या मजल्यांवरील माणसांना मळमळू नये, एवढाच त्याचा हेतू. इमारत उभी ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

त्याच वर्षी संरचना-अभियंते विल्यम लेमेझर यांना कळले, की सांगाड्याचे जोड वेल्डिंगऐवजी बोल्टांनी केले आहेत आणि कोपऱ्यावर तिरपा आदळणारा जोरदार वारा त्यांना पेलवणार नाही. त्यांच्या हिशेबाने इमारत पाडू शकेल असे वादळ सरासरी १६ वर्षांतून एकदा येणार होते. ठोकळा चालू राहिला, तर ५५ वर्षांतून एकदा. पण पंपांना वीज लागते, आणि वादळात आधी जाते ती वीजच!

एला समुद्राकडे वळले, जोडांवर पोलादी पट्ट्या चढल्या. जगाला हे कळले थेट १९९५ मध्ये.

सिटिकॉर्पचा ठोकळा मुख्यतः इमारतीच्या हालचालीमागून हलणारा. याउलट, संवेदकांनी कंप टिपावा, संगणकाने गणित करावे आणि यंत्राने उलट दिशेने बल लावावे, हे ‘सक्रिय नियंत्रण’. त्याची संकल्पना जेम्स याओ यांनी १९७२ मध्ये मांडली. प्रत्यक्षात ती उतरली १९८९ मध्ये टोकियोत. काजिमा कंपनीने ताकुजी कोबोरी यांच्या नेतृत्वाखाली क्योबाशी भागातील ११ मजली इमारतीवर दोन वजने बसवली. जेमतेम ४ मीटर रुंद आणि ३३ मीटर उंच असलेली ही इमारत म्हणजे उभी ठेवलेली फळीच. सुमारे ४ टनांचे वजन आडवे डोलणे आवरी, १ टनाचे पिळवटणे.

१९९१ मध्ये सेंदागायातील इमारतीत तर वातानुकूलनासाठीच्या बर्फाच्या टाक्याच वजन म्हणून वापरल्या गेल्या. काटकसर असावी तर अशी!

विजेचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. म्हणून जपानी अभियंते संकरित यंत्रणेकडे वळले. २९६ मीटर उंचीच्या योकोहामा लँडमार्क टॉवरमध्ये (१९९३) तीच आहे. अशा यंत्रणेत मोटर केवळ मदतीला असते. वीज गेली तरी वजन आपल्या लयीत डोलत राहते.