प-ग-रे

आमच्या आत्याला एक इंग्रजी गाणं येतं. त्यातला एक शब्दही तिला ठाऊक नाही, गाणाऱ्याचं नावही नाही; पण चाल पक्की बसलेली आहे. भाजी निवडताना ती गुणगुणते आणि दर वेळी तिसऱ्या ओळीला अडते. "पुढं काहीतरी देवाचं होतं," एवढंच म्हणते.

हे गाणं तिनं गिरगावातल्या चाळीत ऐकलं, 1971 च्या डिसेंबरात. युद्ध सुरू होतं, मुंबईत ब्लॅकआउट. काचांना काळे कागद डकवलेले. रेडिओच्या हिरव्या डोळ्याचा उजेडही बाहेर जाऊ नये म्हणून आजी त्यावर पंचा टाकायची. बातम्या संपल्या की मोठे काका काटा हळूहळू सरकवत सिलोन लावायचे. शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा यायचा नि जायचा. दोन ओळी स्वच्छ ऐकू यायच्या, तिसरी खरखरीत बुडायची. निवेदक गाण्याचं नाव सांगायचा, तेही बहुधा त्या खरखरीतच. आत्या आजही तिसऱ्या ओळीला अडते ती त्यामुळेच, असं मला वाटतं. ती ओळ तिच्यापर्यंत कधी पोचलीच नसावी.

आजी असेपर्यंत या गाण्यावरून घरात वाद चालायचा. ती ठामपणे सांगायची, "साहेब 'हरे कृष्ण' म्हणत होता. आणि शेवटाकडं गुरूचा श्लोक. आपल्या शाळेत म्हणायचे तो." काकांना ते पटायचं नाही. त्यांच्या मते ते गाणं बांगलादेशाचं होतं. ते नाव त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. इंग्रजी गाण्यात श्लोक कुठून येणार, असं म्हणून सगळे आजीची समजूत काढायचे.

गेल्या दिवाळीत भाच्यानं आत्याला फोनसमोर गुणगुणायला लावलं. फोननं उत्तर दिलं: 'ही इज सो फाइन', शिफॉन्स, 1963. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या मुलींचं, एका देखण्या मुलाविषयीचं गाणं. आत्यानं ते पूर्ण ऐकलं. "चाल तीच गं, पण हे ते नव्हे. यात देव कुठंय?"

या उत्तरानंच मला वाट सापडली, कारण या गाण्याच्या चालीवरून झालेला खटला प्रसिद्ध आहे. 1970 मध्ये बीटल्स हा बँड फुटला. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांच्या सावलीत राहिलेल्या जॉर्ज हॅरिसनकडं तोवर गाण्यांचा साठा झाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यानं 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हा तीन तबकड्यांचा संच काढला. त्यातलं 'माय स्वीट लॉर्ड' अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. आधी 'हालेलुया', मग त्याच चालीत हरे कृष्ण, आणि पुढं खरोखरच गुरूचा श्लोक. आजीचा शब्द न् शब्द खरा होता. तो खरा ठरला तेव्हा ती नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं.

ही चाल 'ही इज सो फाइन'वरून उचलली, असा दावा त्या गाण्याच्या मालकांनी लावला. 1976 मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश रिचर्ड ओवेन यांनी निकाल दिला. ते स्वतः ऑपेरा रचणारे संगीतकार होते. हॅरिसननं जाणूनबुजून चोरी केली नाही, पण ते गाणं त्याच्या मनाच्या तळाशी होतं आणि नकळत वर आलं, असं त्यांनी म्हटलं. निकालात सूरही लिहिलेत. आपल्या भाषेत मांडायचे तर प-ग-रे, पुन्हा पुन्हा; मग प-ध-सां-ध-सां.

मी हे आत्याला वाचून दाखवलं. तिनं पेटी ओढली, भाता हलवला आणि प-ग-रे वाजवलं. तीनदा. मग प-ध-सां. पट्ट्यांवरची बोटं थांबवून ती म्हणाली, "अरे, हे तर भूपाचे सूर." पेटी शिकायला बसलेलं कुठलंही मराठी पोर जो राग पहिल्यांदा वाजवतं, त्याचेच पाच सूर. कुणाच्याही कानात बसावेत इतके सोपे. कायद्यापुढं इलाज नसेल, पण अर्धवट लक्षात राहिलेल्या सुरांबद्दल माणसाला दोषी धरणं माझ्या मनाला आजही पटत नाही.

काकांचंही खोटं नव्हतं. 1971 च्या जुलैअखेर पं. रविशंकरांच्या विनंतीवरून हॅरिसननं 'बांगला देश' हे गाणं काढलं, आणि 1 ऑगस्टला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. ब्लॅकआउटच्या त्या रात्रींमध्ये दोन्ही गाणी सिलोनवरून आली असणार. एकाच आवाजातली म्हणून घरच्यांनी त्यांचं एक गाणं केलं.

मग मी काकांना आणखी एक गोष्ट सांगितली. बीटल्स फुटायच्या दोन वर्षं आधी, जानेवारी 1968 मध्ये, हाच हॅरिसन फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला होता. 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत त्यानं इथल्या वादकांना घेऊन केलं. संतुरावर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खान. एका बीटलची ती पहिली स्वतंत्र तबकडी. स्टुडिओच्या भिंतींतून रस्त्याचा आवाज आत यायचा. लक्ष देऊन ऐकलं तर टॅक्सी जाताना ऐकू येते, असं त्यानं पुढं मुलाखतीत सांगितलं. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावर पावलांचा इतका धडधडाट व्हायचा की रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं.

काका गप्प झाले. 1968 ला ते फोर्टातच कारकून होते, आणि सुटायचे साडेपाचलाच.

मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. दोन्ही हातांनी ते दाबून धरत त्यांनी डोळे मिटले. सनई सुरू झाली, मग थांबली. त्यांनी बोट वर केलं.

"जरा मागं घे," ते म्हणाले. "आत्ता टॅक्सी गेली का?"