अनुशेषाचे माप

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करारावर सह्या झाल्या, तेव्हा भावी मराठी राज्यात पैशाची वाटणी कशी व्हावी, हे थोडक्या शब्दांत ठरले होते. वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी. मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे मात्र विशेष लक्ष पुरवावे. हैदराबाद संस्थानाच्या अमलातून येऊ घातलेल्या त्या मुलुखास हा शब्द मोलाचा वाटला असल्यास नवल नाही. १९५६ साली राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची व समन्यायी वाटपाची तरतूद झाली. पण मंडळे प्रत्यक्षात येण्यास १९९४ साल उजाडले.

दरम्यान १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने तक्रारीला माप दिले, हे तिचे खरे कार्य होय. रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढावयाची. जो जिल्हा तिच्या खाली असेल, त्याची उणीव भरून काढण्यास लागणारा खर्च म्हणजे त्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालात ही बेरीज सुमारे ३,१८६ कोटी रुपये भरली. तीत विदर्भाचा वाटा ३९ टक्के होता.

पुढील समितीने १९९४ ची स्थिती मोजली, तेव्हा बेरीज १४,००६ कोटींवर गेली होती. हे दोन आकडे शेजारी मांडून आक्रोश करणे सोपे आहे. परंतु मधल्या काळात महागाई वाढली होती, आणि सरासरी ही काही स्थिर खुंटी नव्हे. पुढचे जिल्हे धावले की तीही पुढे सरकते. विदर्भाचा वाटा मात्र ४७ टक्क्यांवर गेला, आणि तो दोष एकट्या महागाईच्या माथी मारता येत नाही.

कोकणाची गोष्ट याहून चमत्कारिक. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची उणीव जिल्हावार हिशेबात दिसे. मंडळ मात्र पुणे-कोल्हापुरांसह ‘उर्वरित महाराष्ट्र’ असे एकच. ज्या प्रदेशाचे नावच उरलेल्यांचे, त्याच्या वतीने आग्रह धरणार कोण?

तिन्ही मंडळांची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी ती संपली.